सातवा महिना आणि दंडावरचे वळ

पेडण्याकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात मी एएनएम, म्हणजे नर्स-सुईण आहे. परवा सातव्या महिन्यातली एक मुलगी आली. बीपीचा पट्टा बांधायला बाही वर केली, तर दंडावर चार बोटांचे निळे वळ. "न्हाणीत घसरले," म्हणाली. सासू शेजारीच बसलेली, म्हणून मीही पुढे विचारलं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काय करू?

उत्तर, फोंडा:
ताई, आधी तिला एकटीला गाठा. मी २० वर्षं बाळंतपणं केली. लघवी तपासायची म्हणून आत न्यायची आणि दार लोटायचं. "घरी कोण हात उगारतं का? पोटावर मारलं का?" असं सरळ विचारायचं. पहिल्यांदा नाहीच म्हणतात, पण आपण विचारलेलं लक्षात ठेवतात. नवऱ्याला जाब विचारायला मुळीच जाऊ नका, मार तिलाच पडतो. पोटाला लागलं असेल, रक्त जात असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल तर लगेच १०८.

उत्तर, डिचोली:
२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, सासरच्या घरात राहण्याचा हक्कही मिळतो. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्याकडून पाठ करून घ्या. कार्डावर लिहू नका, कार्ड घरचे बघतात.

प्रश्नकर्ती:
हिमोग्लोबिन तपासायला मंगळवारी बोलावलंय. सासूला बाहेरच्या बाकावर बसवते.