गर्दीचे आकडे आपल्याच फलाटावरून घ्या

वर एकांनी सुचवलंय की साताऱ्याचं स्टँड नव्याने बांधायचं झालं, तर गर्दी आधी संगणकावर चालवून बघावी. शंभर टक्के सहमत. फक्त परदेशी सॉफ्टवेअर त्यातल्या आकड्यांसकट वापरू नये.

हेल्बिंग आणि मोल्नार या संशोधकांच्या, गर्दी कशी चालते ते मांडणाऱ्या १९९५ च्या मॉडेलमध्ये प्रत्येक माणसाला मुक्कामाची ओढ असते, आणि भिंती व इतर माणसं त्याला दूर लोटतात. पण किती दूर? २००९ मध्ये जर्मन आणि भारतीय लोकांच्या चालण्याची तुलना झाली. दाटी वाढली की जर्मनांचा वेग जेवढा घटतो, तेवढा आपला घटत नाही.

शिवाय आपल्याकडे गाडी फलाटाला लागायच्या आत लोक तिच्यासोबत पळतात, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, आणि उतरणारी आजी पिशवीसकट दारातच अडकते. कोंडी होते ती त्या दारात. मॉडेलमध्ये हे नसेल तर फलाटाची रुंदी चुकणारच, आणि त्यात माणसं चेंगरू शकतात.

रविवारी संध्याकाळी पुण्याच्या गाड्या लागतात त्या फलाटाचं वरून चित्रीकरण करून वेग आणि दाटी मोजता येईल. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या मुलांना हा प्रकल्प द्याच. मोजणीला मी येईन.