जोडीदाराकडून हिंसा: एलजीबीटी व्यक्तींचा फोन आला तर काय विचारायचं?

सांजवात: आमची हेल्पलाइन नवऱ्याकडून मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांसाठी होती. आता समलिंगी आणि ट्रान्स (जन्मावेळी नोंदलेलं लिंग स्वतःचं न मानणाऱ्या) व्यक्तींचेही फोन घेणार आहोत. जुन्या प्रश्नावलीत ‘नवरा’ खोडून ‘जोडीदार’ लिहिलं की भागेल का? आणि दोघंही ‘मारहाण मलाच होते’ म्हणाले तर?

काजवा: नाही भागणार. आधी विचारा, आत्ता बोलता येईल का आणि फोन तुटला तर परत लावायचा का. मग नावाचे दोन प्रश्न: तुम्हाला काय म्हणू? आणि फोन दुसऱ्याच कुणी उचलला तर कोणतं नाव घेऊ? ही उत्तरं वेगळी असू शकतात. इथली एक चूक त्या माणसाची ओळख घरादारासमोर फोडते.

मराठीत क्रियापद लगेच लिंग सांगतं. म्हणून ‘तुम्ही आलात’, ‘सांगितलंत’ अशी रूपं वापरा, ‘कसे आहात’ किंवा ‘कशा आहात’ टाळा. समोरची व्यक्ती स्वतःबद्दल ‘गेलो’ म्हणते की ‘गेले’, ते ऐका आणि तेच धरा.

मारहाणीआधीची हिंसा नेमकी विचारावी लागते. ‘घरी सांगून टाकीन’ अशी धमकी, हॉर्मोनची औषधं लपवणं, बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) फाडणं, मुद्दाम जुन्या नावाने हाक मारणं, एचआयव्हीची माहिती उघड करायची भीती घालणं. ‘छळ होतो का?’ एवढंच विचारलंत तर यातलं बरंचसं बाहेर येत नाही, कारण त्या व्यक्तीलाच तो छळ वाटत नसतो.

पाणवठा: दोघांच्या दाव्याबद्दल. कोण धिप्पाड, कोण जास्त पुरुषी दिसतं, यावरून ठरवू नका. इथेच सर्वांत जास्त चुका होतात. थपडाही मोजू नका. भीती कुणाला आहे ते शोधा. भांडणानंतर कुणी मित्रांना भेटणं सोडलं? पैसे आणि फोनचा पासवर्ड कुणाच्या हातात? ‘नाही’ म्हटलं की काय होतं? स्वतःला वाचवताना हात उगारलेली व्यक्ती बऱ्याचदा आपणहून ‘मीही मारलं’ म्हणते, आणि त्रास देणारा मात्र ठामपणे तक्रार मांडतो.

दोघांशी वेगवेगळ्या कार्यकर्त्यांनी बोलावं, नोंदीही वेगळ्या. एकत्र समुपदेशन नको: तिथे बोललेल्या वाक्याची किंमत घरी मोजावी लागते. हे वर्तुळ लहान असतं, त्यामुळे जोडीदार तुमच्याच आधारगटात येतो का, हे सुरुवातीलाच पाहा.

हिंसा समजावताना १९८४ साली अमेरिकेतल्या ड्युलुथमध्ये तयार झालेलं सत्ता-नियंत्रणाचं चक्र, म्हणजे जोडीदारावर ताबा ठेवायच्या पद्धती दाखवणारी आकृती, सगळीकडे वापरतात. ते पुरुषांकडून मार खाल्लेल्या स्त्रियांच्या अनुभवांवर उभं आहे. वापरा, पण वर काजवा यांनी सांगितलेले प्रकार त्यात जोडून.

सांजवात: आणि वैद्यकीय मदत, निवारा?

काजवा: लैंगिक जबरदस्ती झाली असेल तर एचआयव्ही रोखणारी पेप औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितक्या लवकर तितकं चांगलं, ती २८ दिवस घ्यायची. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हॉर्मोन) घेणाऱ्या ट्रान्स पुरुषालाही, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पुरुषालाही, गर्भ राहू शकतो, ते गर्भनिरोधक नाही. हे सांगायचं हमखास राहून जातं. पुरावा ठेवायचा असेल तर कपडे न धुता कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये ओल धरून नमुने खराब होतात. गळा दाबला असेल तर वळ नसला तरी दवाखान्यात पाठवा. आवाज बसणं, गिळताना दुखणं ही धोक्याची चिन्हं आहेत.

पाणवठा: निवाऱ्यात पाठवण्याआधी तुम्हीच फोन करून विचारा: ट्रान्स स्त्रीला झोपायला कुठे देणार, न्हाणीघर कोणतं, कागदोपत्री जुनं नाव असेल तर ते कोण वाचणार. ‘सगळ्यांना घेतो’ या उत्तरावर थांबू नका. दारातून परत पाठवलेली व्यक्ती बऱ्याचदा त्याच घरी परतते.

बाहेर पडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा. हॉर्मोनची औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठी, दोन्ही नावांची ओळखपत्रं आधीच विश्वासातल्या कुणाकडे ठेवायला सांगा. फोनचं लोकेशन आधी बंद करायला लावू नका, समोरच्याला लगेच संशय येतो. बेत दुसऱ्याच्या फोनवरून आखा.