मदत हवी आहे: हिंस्र प्राण्यांच्या भयपटांचे बरे सीक्वेल सुचवा

मंडळी, काल रात्री १९९१ चा 'अ‍ॅलिगेटर २' पाहिला आणि फार हिरमोड झाला. १९८० चा पहिला भाग माझा अतिशय लाडका. संडासातून फ्लश केलेलं मगरीचं पिल्लू गटारात पोचतं, प्रयोगांत मेलेली जनावरं खाऊन अवाढव्य वाढतं आणि एके दिवशी थेट फुटपाथ फोडून वर येतं. त्या प्रसंगाला आजही अंगावर काटा येतो. शिवाय रॉबर्ट फॉर्स्टरचा तो थकलेला पोलीस! त्याची काळजी वाटते, म्हणून भीतीही वाटते.

दुसऱ्या भागात माणसं नवी, गोष्ट मात्र जवळपास तीच. कोणी मेलं तरी काहीच वाटत नाही.

बजेट कमी असण्याबद्दल माझी तक्रार नाही. 'जॉज'चा यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गने तो कमी दाखवला. शार्कला अडकवलेली, पाण्यावरून सरकणारी पिवळी पिंपं पाहूनच छातीत धडधडतं. अशी धडपड मला इथे कुठेच दिसली नाही.

तर तुम्हाला विचारायचंय, कमी पैशांत केलेला पण खरोखर जमलेला असा एखादा सीक्वेल आहे का? साप, कोळी, अस्वल, कुठलाही प्राणी चालेल. खराखुरा रबरी प्राणी असेल तर उत्तमच. कॉम्प्युटरवर केलेला शक्यतो नको. आणि 'पिरान्हा २' कोणी पाहिलाय का? दिग्दर्शक म्हणून जेम्स कॅमेरॉनचं नाव आहे, पण मासे उडतात म्हणे. पाहू का?