पँटचं कापड किती टिकेल हे शिवायच्या आधी कसं ओळखायचं?

शिवणवेडी:
मी ऑर्डरप्रमाणे पँट शिवून देते. मागच्या लॉटमधल्या ३ पँट मांडीच्या आतल्या बाजूला फाटून परत आल्या, सहा महिने पण नाही झाले. आता नवीन कापड बघतेय तर विकणारा म्हणतो मार्टिनडेल ३०,००० आहे, डोळे झाकून घ्या. हे नक्की काय असतं, आणि लॅबला न पाठवता मला स्वतः काही तपासता येईल का? नखाने खरवडून बघणं सोडून 😅

आडवाधागा:
डोळे उघडेच ठेवा. मार्टिनडेल हे कापड घासून बघायचं मशीन, त्यावर कापडाचा गोल तुकडा ठराविक लोकरी कापडावर सगळ्या दिशांनी घासला जातो आणि वोव्हन (उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं) कापड असेल तर दोन धागे पूर्ण तुटेपर्यंत किती घासे लागले ते मोजतात. पण कपड्यांसाठी दाब ९ किलोपास्कल असतो आणि सोफ्याच्या कापडासाठी १२, म्हणून आकडा कुठल्या दाबावरचा ते आधी विचारा. शिवाय त्यावरून कापडावर तंतूंचे बारीक गोळे येतील का ते कळत नाही, ती टेस्ट वेगळी, १ ते ५ ग्रेड, ५ म्हणजे उत्तम. पॉलिस्टर मिक्समध्ये हा त्रास जास्त कारण पॉलिस्टरचा तंतू चिवट, गोळा झाला की गळून पडतच नाही.

टाचणी:
ताई आधी एक सांगा, पँट विरल्या की शिवणीपाशी उसवल्या? दोन्हीचा इलाज वेगळा आहे. शिवणीशेजारी धागे सरकून जाळी झाली असेल तर वीण सैल आहे, तिथे घासायचा आकडा काय कामाचा. दोन तुकडे तुमच्याच टाक्याने जोडून आडवे जोरात ओढून बघा, लगेच कळतं.

आणि जुन्या लॉटची कतरण असेल तर टाकू नका, तीच तुमची लॅब! जुनं आणि नवीन दोन्ही ४-५ वेळा धुवा, मग प्रत्येक आपल्याच कापडावर सारखंच मोजून घासा आणि उजेडात धरून बघा कुठलं आधी विरळ होतंय. धुण्याआधी ५० सेंमीचा चौकोन आखून ठेवा म्हणजे किती आटलं तेही कळेल, फक्त कडा इंटरलॉक करा नाहीतर मशीनमधून दशाच बाहेर येतील.

शिवणवेडी:
आत्ता काढून बघितल्या, दोन विरल्यात आणि एक चक्क शिवणीशेजारी सरकलीये, म्हणजे थोडी माझीपण चूक, तिथे शिवणीबाहेरचं मार्जिन कमी ठेवलं होतं. कतरण सापडली, धुवायला टाकलीये. विकणाऱ्याला दाब विचारला तर म्हणे "कसला दाब मॅडम, इस्त्रीचा का?" 🤦‍♀️