काळ्या रानात चालेल असा कृत्रिम पाय कोणता?

प्रश्न (अंबाजोगाई): दादांचा पाय गुडघ्याखालून काढलाय. मिळालेला कृत्रिम पाय बुटाशिवाय चालत नाही, अन् काळ्या चिखलात बूट रुततो. उकिडवं बसता येईना. खुरपणी सुटली तसा माणूस खचलाय.

उत्तर (लातूर): जयपूर फूट बघा. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. व्हल्कनाइज्ड (गंधक घालून तापवून पक्क्या केलेल्या) रबराच्या आत लाकूड. घोटा सगळीकडं वळतो, अनवाणी चालता येतं, उकिडवंही बसता येतं. असल्या पायासाठी त्या कारागिराचं नाव घराघरात असायला पाहिजे!

उत्तर (परभणी): पायापेक्षा सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण, नीट तपासा. उरलेला पाय हळूहळू बारीक होतो, मग सॉकेट सैल पडून जखम होते. दादांना सोबत न्याच.

प्रश्नकर्ता: नेतो. पेरणीच्या आधीच.