लेकीच्या बाळंतपणाला टोरंटो: पॉइंट एअर कॅनडाचे, विमान एअर इंडियाचं, निघायचं नागपूरहून

गणिताच्या बाई (ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं, मागच्या वर्षी निवृत्त झाले. आमची थोरली टोरंटोजवळ असते. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिची पहिली खेप आहे. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तिला इकडे येणं शक्य नाही, तेव्हा माहेरानंच तिकडे जायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं. सुपर व्हिसा, म्हणजे तिकडे राहणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना मिळणारा लांब मुक्कामाचा व्हिसा, हातात आला आहे. त्यासाठी लागणारा एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमाही जावयांनी काढला.

घोडं पेंड खातंय ते तिकिटापाशी. जावयांच्या एरोप्लॅन खात्यात 1,42,000 पॉइंट आहेत. एरोप्लॅन ही एअर कॅनडाची पॉइंटची योजना, पण त्या पॉइंटांवर एअर इंडियाचं तिकीट निघतं, त्याला पार्टनर अवॉर्ड म्हणतात, एवढं मुलीनं सांगितलं. तिला सध्या उलट्यांचा फार त्रास आहे, फोनवर बोलवत नाही. जावई रात्रपाळीला. त्यांनी मला लॉगिन दिलं आणि म्हणाले, आई, तुम्ही तारखा शोधा, मी सुट्टीच्या दिवशी बुक करतो. चार दिवस मी रोज तासभर बसते आहे आणि तीन गोष्टी उमगत नाहीत.

एअर इंडियाच्या साइटवर जानेवारीत जवळजवळ रोज जागा दिसते, पैसे भरले की तिकीट. तेच विमान, तीच तारीख एरोप्लॅनवर टाकली की काहीच नाही. असं का? दुसरं, नागपूर ते टोरंटो शोधलं तर फ्रँकफर्टवरून काहीतरी येतं आणि पॉइंट जास्त मागतं, नुसतं दिल्ली ते टोरंटो टाकलं तर कमी. मग दिल्लीपासूनच पॉइंटवर काढून नागपूर-दिल्ली वेगळं विकत घ्यावं का? आणि तिसरं, यवतमाळच्या एका एजंटनं सांगितलं की पॉइंटचं तिकीट कच्चं असतं, विमानतळावरून परत पाठवतात. हे ऐकल्यापासून आमच्या ह्यांनी पैशाचंच तिकीट काढू असा धोशा लावला आहे. दोघांचं जाऊन-येऊन जेवढं लागतं तेवढ्यात आमच्या विहिरीवर नवी मोटर आणि पाइपलाइन होते. पॉइंट असताना तो पैसा मला घालवायचा नाही.

आर्वीचा कास्तकार

बाई, राम राम. मी आर्वीकडचा, संत्रा अन् कापूस. पोरगा मिसिसागाले असते. 2023 च्या मार्चात मी अन् माही बायको याच रस्त्यानं गेलो. नागपूर, दिल्ली, टोरंटो, दोन्ही विमानं एअर इंडियाची, तिकीट पोराच्या एरोप्लॅनवर. माणशी 55,000 पॉइंट, सरकारी कर वेगळे, अन् पार्टनरच्या तिकिटाचे माणशी 39 कॅनेडियन डॉलर. मले हे सारं समजाले दोन महिने लागले होते, तुमचे ते दोन महिने वाचावे म्हणून बैजवार सांगतो.

स्टार अलायन्स हा विमान कंपन्यांचा संघ 1997 मध्ये झाला. एअर कॅनडा पहिल्या पाचांतली. एअर इंडिया 11 जुलै 2014 ले त्यात आली. संघातल्या एकीचे पॉइंट असले तर दुसरीच्या विमानात बसता येते, पण दुसरी काही सगळ्या सिटा देत नाही. एअर इंडिया मोजक्या सिटा पार्टनरसाठी मोकळ्या करते. इकॉनॉमीत त्याले एक्स वर्ग म्हणते, बिझनेसात आय. एरोप्लॅनले फक्त तेवढ्याच दिसते. खळ्यावर ढीग मोठा असते, पण पाहुण्यासाठी बाजूले काढलेलं पोतं एकच असते, तसं हे. म्हणून पैशाचं तिकीट रोज दिसते अन् पॉइंटचं दिसत नाही. तुमचं काही चुकून नाही राहिलं. रोज पाहा, सकाळी एकदा अन् रात्री एकदा. सिटा अचानक उघडते अन् तशाच जाते. अन् शोधताना प्रवासी दोन टाका. एक टाकून जागा दिसली म्हंजे दोघांले मिळते असं नाही.

आता पॉइंट कमीजास्त काहून होते ते. एरोप्लॅन भारताले अटलांटिक नावाच्या गटात धरते, अन् पार्टनरच्या विमानाचे पॉइंट उडलेल्या मैलांवर लावते. पायऱ्या आहेत. आमच्या वेळी 6,001 ते 8,000 मैलाची पायरी 55,000 ची होती अन् त्याच्या वरची 70,000 ची. हे तक्ते बदलत असते, आज स्क्रीनवर दिसते तोच आकडा धरा. पण पायऱ्यांचा हिशेब मांडून पाहा, फ्रँकफर्टचं कोडं तुमचं तुमाले सुटते.

एजंटचं बोलणं मनातून काढून टाका, पण त्यातली एक गोष्ट घ्या. सहा अक्षरांचा पीएनआर आला म्हंजे तिकीट झालं असं समजू नका. तिकीट म्हंजे तेरा आकडे. तुमचं एरोप्लॅनचं असन तर पहिले तीन 014 येते, तो एअर कॅनडाचा नंबर, मंग विमान कोणाचंही असो. एअर इंडियानं स्वतः काढलेलं तिकीट 098 नं सुरू होते. ते तेरा आकडे मेलमध्ये आले की तिकीट पक्कं, पैशाच्या तिकिटाएवढंच. आमच्या व्याह्यांचं असं झालं (कोणती कंपनी ते नाही सांगत): सीट दिसली, पॉइंट कटले, पीएनआर आला, अन् तिकीट निघालंच नाही. आठव्या दिवशी फोन केला तवा समजलं की ती सीट मुळात नव्हतीच, साइट जुनं चित्र दाखवत होती. पॉइंट परत आले, पण आठ दिवसांत त्या महिन्यातल्या बाकीच्या सिटा उठल्या. व्याहीणबाई नातवाच्या बारशाले पोचल्या नाही. म्हणून चोवीस तासांत तेरा आकडे नाही आले तर जावईबापूले फोन कराले लावा, वाट पाहू नका.

वर्धा रोड, नागपूर

मॅडम, दिल्ली वेगळं काढायच्या विचाराला माझा ठाम विरोध आहे, कारण महिना जानेवारी आहे. दिल्लीचं धुकं. माझे सासू-सासरे दोन वर्षांपूर्वी जानेवारीत अशाच दोन वेगळ्या तिकिटांवर निघाले. नागपूरचं विमान धुक्यामुळे पाच तास उशिरा सुटलं, पुढचं निघून गेलं. पुढच्या कंपनीनं हात वर केले, कारण त्यांच्या कागदावर नागपूर नव्हतंच. त्यांच्या लेखी हे दोघं फक्त आलेच नाहीत. सगळं एकाच तिकिटावर असेल तर पहिल्या विमानाच्या उशिरानं पुढचं चुकलं, तरी त्यानंतरच्या विमानात बसवणं कंपनीची जबाबदारी असते.

सामानाचंही तेच. देशातलं साधं तिकीट वेगळं घेतलं की बहुतेक 15 किलोवर थांबवतात, वरच्या प्रत्येक किलोचे पैसे. एकाच तिकिटावर आंतरराष्ट्रीय सामानाची मर्यादा नागपूरपासून लागू होते आणि बॅगा नागपूरला दिल्या की थेट टोरंटोला घ्यायच्या. बाळंतिणीसाठी जाताय, सामान काय असणार ते मला माहीत आहे.

नाइलाजानं वेगळं घ्यावंच लागलं तर आदल्या दिवशी दिल्लीत पोचा आणि रात्र काढा.

गणिताच्या बाई

दोघांचेही मनापासून आभार. वर्धा रोडवाल्या ताईंचं वाचून दिल्ली वेगळं काढायचा विषय मी संपवला.

आर्वीच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे हिशेब वहीत मांडला, सरळ रेषेतल्या अंतरांचा. नागपूर-दिल्ली साधारण 530 मैल, दिल्ली-टोरंटो 7,240. बेरीज 7,770. आता फ्रँकफर्टवरून: 530, मग दिल्ली-फ्रँकफर्ट 3,800, मग फ्रँकफर्ट-टोरंटो 3,940. बेरीज 8,270. आठ हजारांची रेघ 270 मैलांनी ओलांडली! आणि यातून नागपूर वगळलं तर 7,740, म्हणजे पुन्हा रेघेच्या आत. माझ्या डोळ्यांसमोर चार दिवस दोन वेगवेगळे आकडे येत होते आणि मला वाटत होतं की साइट नागपूरचं भाडं जोडते आहे. ती फक्त पायरी चढत होती. थेट दिल्ली-टोरंटो असेल तर नागपूर जोडूनही आपण खालच्याच पायरीवर राहतो, म्हणजे नागपूरच्या पॉइंटांचा भार शून्य. सातवीच्या मुलांना हे उदाहरण देता आलं असतं असं राहून राहून वाटलं.

आता पुढची अडचण. आमच्या ह्यांना तूर सोंगून गंजी लागल्याशिवाय निघायचं नाही. मळणी पुतण्या करेल, पण सोंगणीला ते स्वतः वावरात हवेत. म्हणजे 8 जानेवारीच्या आधी नाही. आणि मला 15 च्या पुढे जायचं नाही, पहिलटकरणीचा भरवसा नसतो. या आठ दिवसांत दोघांच्या जागा एकाच दिवशी दिसत नाहीत. 9 ला एक दिसते, 13 ला एक. वेगवेगळं जावं का? मी विमानात एकदाच बसले आहे, तेही नागपूर-मुंबई.

आणखी एक. माझ्या पासपोर्टवर पहिल्या नावात माझं आणि ह्यांचं नाव एकत्र आहे, आडनाव वेगळ्या रकान्यात. शाळेच्या कागदांवर माहेरचं. तिकिटावर कोणतं?

आर्वीचा कास्तकार

नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. पहिल्या नावाच्या रकान्यात दोन्ही नावं, आडनावात आडनाव. तिकिटावर दोन नावं चिकटून छापून येते, त्यानं बिघडत नाही. शाळेचे कागद इथं पाहायचेच नाही. अन् पॉइंट तुमच्या नावावर वळते करायच्या भानगडीत पडू नका, जावई त्यांच्या खात्यातूनच तुमच्या नावाचं तिकीट काढू शकते.

9 ची एक सीट तुमच्यासाठी लगेच घ्या असंच मी म्हणीन. बाळंतपणाले आई पाह्यजे, बाप चार दिवसांनं आला तरी चालते. पुढं दोघांची एका दिवसाची जागा निघाली तर आधीचं सोडून नवं घेता येते. फक्त सोडाचे किती पैसे कापते ते बुक कराच्या आधी त्याच स्क्रीनवर वाचून घ्या.

एकट्या जायची भीती वाटत असन तर तिकीट निघाल्यावर एअर इंडियाले व्हीलचेअर सांगून ठेवा. दिल्लीले एका विमानातून दुसऱ्यात नेणारा माणूस सोबत राहते. माह्या बायकोचे गुडघे दुखते, तिच्यासाठी आमी तेच केलं होतं. हे एअर कॅनडाले नाही, एअर इंडियाले सांगाचं. त्यासाठी एअर इंडियाचा वेगळा पीएनआर लागते. एरोप्लॅनच्या मेलमध्ये नसला तर फोन करून मागून घ्या. सीट, जेवण, व्हीलचेअर हे विमान ज्याचं त्याच्याकडं. तारीख बदलणं, रद्द करणं हे तिकीट ज्यानं काढलं त्याच्याकडं, म्हंजे एअर कॅनडा. हे उलटसुलट झालं की दोघंही तिकडं विचारा म्हणते.

अन् तिकीट निघाल्यावरही आठवड्यातून एकदा एअर इंडियाच्या साइटवर तो पीएनआर टाकून वेळ पाहत जा. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांले त्यांच्या आकाशातून जाणं बंद केलं, तवा उत्तर अमेरिकेच्या विमानांच्या वेळा लांबल्या. वेळ बदलली तर 014 चं तिकीट नव्या वेळेनं पुन्हा काढून मिळालं का, हे एअर कॅनडाले विचारून घ्यायचं.

गणिताच्या बाई

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लिहिते आहे. अंगणात मुलं लाकडी बैल घेऊन उभी आहेत, पण आधी हे सांगते.

9 तारखेची जागा जावयांनी माझ्यासाठी घेतली होती, तेरा आकडे सहा तासांत आले. तरी रोज सकाळी चहाआधी 11 तारखेला दोन प्रवासी टाकून बघत होते. काल पहाटे सव्वापाचला दोन जागा उघडल्या. नागपूर-दिल्ली-टोरंटो, तिन्ही नावं एका ओळीत, थेट, खालच्याच पायरीवर. जावयांना लगेच फोन केला. त्यांनी दोघांचं काढलं आणि माझं 9 चं सोडलं. सोडण्याचे पैसे कापले गेले, ते मला मान्य आहेत. पॉइंट दोघांना पुरून थोडे उरले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. आता तिला जरा बरं वाटतंय. तिनं दोन्ही तिकिटांचे आकडे वाचून दाखवले, मी वहीत लिहिले, मग मी वाचले आणि तिनं पडताळले. शून्य, एक, चार. ह्यांनी वही हातात घेऊन दोनदा बघितली आणि विचारलं, 11 ला विमान किती वाजता, वडकीवरून हिंगणघाट, जाम, बुटीबोरी धरून गाडी किती वाजता सांगायची? म्हणजे पैशाच्या तिकिटाचा विषय संपला.

एअर इंडियाचा पीएनआर फोन करून मिळवला, दोघांचं शाकाहारी जेवण आणि माझी व्हीलचेअर नोंदवली. परतीचं आत्ता काढत नाही. तोवर जावयांच्या खात्यात आणखी पॉइंट जमतील आणि बाळाला सोडून कधी निघवेल ते मलाही आज सांगता येणार नाही.

धावड्याचा डिंक सांगून ठेवला आहे. लाडू इथून करून न्यावेत की डिंक, खारीक, मेथी नेऊन तिकडे करावेत?

वर्धा रोड, नागपूर

अभिनंदन मॅडम! किती बरं वाटलं वाचून. लाडू तिकडेच करा, ताजे मिळतील तिला. डिंक, खारीक, मेथीदाणे बंद पाकिटात, वर नावं इंग्रजीत लिहून. उतरल्यावर खाण्याचे पदार्थ आहेत का विचारतात, तिथे हो सांगायचं आणि पाकिटं दाखवायची. ताजी फळं, रोपं, बियाणं काही नेऊ नका. भाऊंनी संत्री देऊ केली तरी नको म्हणा.