मदत हवी आहे: पाकट (स्टिंगरे) पिल्लं देतं, तरी मासाच का?

नमस्कार मंडळी, भाची सातवीत आहे. सुट्टीत दापोलीला आली होती तेव्हा मुरुडला बोटीतून डॉल्फिन दाखवले आणि दुसऱ्या दिवशी हर्णैच्या लिलावाला नेलं, तिथे एका मोठ्या पाकटाच्या बाजूला पूर्ण तयार झालेली छोटी छोटी पिल्लं पडलेली, शेपटीसकट. तिथल्या मासेवाल्या मावशी म्हणाल्या गाभण मादी जाळ्यात आली की पिल्लं टाकते. भाचीला फार वाईट वाटलं, मलाही. मग तिचा प्रश्न, डॉल्फिन पिल्लं देतो म्हणून सस्तन, तर हेपण पिल्लंच देतं की!

कल्ले-फुफ्फुसं, थंड रक्त-गरम रक्त एवढं मी सांगितलं, हाडं आणि कूर्चा पण सांगितलं. पण नंतर वाचलं की पाकटाच्या पोटात पिल्लांना दुधासारखं काहीतरी मिळतं, त्याला गर्भाशयातलं दूधच म्हणतात, आणि इथे मी अडकलोय. कोणी सोप्या भाषेत समजावेल का? तिला उगाच काहीतरी सांगायचं नाहीये.

प्रतिसाद:
भाचीचा प्रश्न एकदम बरोबर आहे, शाळेत आपण "पिल्लं देणारे ते सस्तन" असं पाठ करतो तिथेच घोळ होतो. पिल्लं तर कित्येक शार्क आणि काही सापही देतात. सस्तन ठरतो तो स्तनग्रंथींवरून. पाकटाला त्या नसतात, गर्भाशयाच्या आतल्या बाजूला बारीक धाग्यांसारखी वाढ असते त्यातून तो पौष्टिक रस पाझरतो, वार-नाळ काही नाही, आणि पिल्लू बाहेर पडलं की आईचं काम संपलं, ते पहिल्या दिवसापासून स्वतःचं स्वतः बघतं. डॉल्फिनचं पिल्लू पोटात नाळेवर वाढतं आणि जन्मल्यावर वर्षभर, कधी त्याहून जास्त, आईचं दूध पितं.

आणि तिला शेपटी बघायला सांगा. बहुतेक माशांची शेपटी उभी असते, डावी-उजवीकडे हलते (पाकट अपवाद, त्याची शेपटी चाबकासारखी). डॉल्फिनची आडवी, वर-खाली मारतो, कारण त्याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी पळणारे होते, पळताना कणा वर-खाली वाकायचा तीच सवय पाण्यात गेली. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या पूर्वजांचे अवशेष पाकिस्तानात सापडलेत, आणि आज डॉल्फिन-देवमाशांचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा आहे. पाकट मात्र शार्कच्या घराण्यातलं, त्याचे पूर्वज जमिनीवर कधी आलेच नाहीत.

एक गोष्ट मात्र दोघांची सारखी, दोघांनाही पिल्लं कमी होतात. आपल्या किनाऱ्याजवळ दिसतो त्या कुबडवाल्या डॉल्फिनला एका वेळी एकच. पाकटालाही थोडीच, बांगडा-तारलीसारखी हजारोंनी अंडी नाहीत. म्हणून जाळ्यात सापडलेल्या एकेका मादीचं नुकसान भरून यायला बरीच वर्षं जातात, भाचीला वाईट वाटलं ते अगदी योग्य वाटलं.

मूळ धागाकर्ता:
खूप खूप धन्यवाद! शेपटीचं कधी लक्षातच आलं नव्हतं. अजून एक, गाभण पाकट जिवंत असतानाच जाळ्यात दिसलं तर लगेच परत सोडलं तर वाचतं का? इथे कोणी मासेमारी करणारे असतील तर प्लीज सांगा, आमच्या ओळखीच्या बोटवाल्यांशी बोलायचंय.